आधी नउरूचा हिशेब मांड

प्रिय,

प्रबंधाचा आराखडा वाचला. नायजेरिया, व्हेनेझुएला, काँगो, नॉर्वे... एवढे देश घेतलेस तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन पानं येतील आणि मूळ प्रश्न राहून जाईल: खनिज विकून आलेला पैसा म्हणजे उत्पन्न का? बापजाद्यांची जमीन विकली तर त्या पैशाला घरात कोणी यंदाची कमाई म्हणत नाही. जीडीपीत मात्र उत्खननाची भर पडते, रिकाम्या झालेल्या खाणीची वजावट होत नाही.

तेव्हा एकच देश धर, नउरू. प्रशांत महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं बेट. तिथलं फॉस्फेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांत खत म्हणून गेलं. १९६८मध्ये स्वातंत्र्य मिळालं, १९७०मध्ये खाणी हातात आल्या आणि दरडोई उत्पन्नात हा देश जगातल्या श्रीमंतांच्या रांगेत जाऊन बसला. बरं, पुढचा विचारच केला नाही असंही नाही, फॉस्फेटचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी गुंतवायला ट्रस्ट काढला होता. त्यातून मेलबर्नला ५२ मजली नउरू हाऊस उभं राहिलं. पुढे लंडनमधल्या एका संगीत नाटकातही देशाचा पैसा गेला (तेही पडलं!). कर्जं वाढली आणि २००४मध्ये ती इमारत विकावी लागली. बेटाच्या मधल्या पठारावर आज चुनखडीचे सुळके उभे आहेत. तिथे शेती होत नाही, घर बांधता येत नाही. वस्ती बहुतेक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर.

एक धागा सोडू नकोस. नउरूत प्राप्तिकर आला तो थेट २०१४मध्ये. माझ्या मते खरी मेख तिथे आहे: खिशातून काही जात नसेल तर सरकारला जाब कोण विचारणार? नॉर्वेने १९९०मध्ये तेलाचा पैसा साठवणाऱ्या निधीचा कायदा केला हे सगळेच लिहितात. पण तेल सापडण्याआधीच तिथे कर भरणारे लोक आणि हिशेब मागणारी संसद होती, हे तू लिही.

गोवा घ्यायचाच असेल तर शेवटच्या प्रकरणात घे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये लोहखनिजाच्या विक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. उरलेल्या नव्वद टक्क्यांत कोणाचा किती वाटा, ते शोध. त्यासाठी कात्रणं पुरणार नाहीत. निकाल मुळातून वाच आणि मगच भेटायला ये.

तुझा,
सर