प्रश्न वाचकांचे : धर्म आडवा येतो की घर?

प्रश्न : आम्ही पद्मशाली समाजाचे, सोलापूरच्या पूर्व भागातले. माझ्या सासूबाई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्या. मला पाहायला आल्या तेव्हा त्यांनी आधी विचारले ते, "दिवसाला विड्या किती होतात?" आम्ही सासू-सुनेने विड्या वळून माझ्या मुलीला शिकवले. ती आता पुण्यात नोकरी करते आणि सोबत काम करणाऱ्या सोलापूरच्याच एका लिंगायत मुलाशी लग्न करायचे म्हणते. आत्या म्हणतात, "धर्म बुडाला." मुलगी म्हणते, "यात धर्माचा काय संबंध?" मला दोघींचेही थोडे थोडे पटते. खरे काय समजावे?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या आत्या ज्याला धर्म म्हणतात, त्यात देवापेक्षा घराचा हिशेब जास्त आहे, असे आमचे मत आहे; पण तो हिशेब खोटा होता, असे मात्र कोणी म्हणू नये. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी सोलापुरात हातमाग टाकले, पुढे यंत्रमाग आले. माग ज्या घरात चालतो तिथे कांड्या भरण्यापासून सगळ्यांचे हात कामाला लागतात, आणि अशा घरात काम न येणारी, तेलुगू न कळणारी सून आणण्यापेक्षा भावाची मुलगी आणणे केव्हाही सोयीचे होते. घरातले कसब घरात राहत होते, म्हातारपणी सांभाळणारी सून रक्ताचीच असे आणि देण्याघेण्यावरून फारसे बिनसतही नसे. ही सोय पिढ्यान्‌पिढ्या चालली की तिलाच रीत म्हणतात, आणि रीत मोडायची वेळ आली की तिला धर्माचे नाव मिळते.

आपले स्वतःचेच लग्न पाहा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या मुलांचे आपसांतले लग्न निषिद्ध नात्यांत धरले, मात्र जिथे तशी रूढी आहे तिथे सूट ठेवली. आपले मेनरिकम, म्हणजे आत्या-मामाच्या मुलांतले लग्न, त्या सुटीत बसते. एकाच धर्मातल्या एका घरात जे निषिद्ध, ते दुसऱ्या घरात पहिल्या पसंतीचे, असे असताना यातला धर्म नेमका कोणता, हे आत्यांना आदराने विचारायला हरकत नाही. जातीबाहेरच्या लग्नाचे म्हणाल, तर केवळ जात वेगळी म्हणून हिंदूंचे लग्न अवैध ठरत नाही, हे 1949 च्या कायद्यानेच स्पष्ट केलेले आहे.

आता विडीकडे वळू, कारण आपल्या पत्रातली खरी गोष्ट तिथे आहे. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा, मांडीवर सूप घेऊन पाने कातरायची, वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या आणि हजाराच्या दराने मजुरी घ्यायची, या कामाने सोलापूरच्या बाईला उंबरठ्याच्या आत ठेवूनच कमावती केले. घरची शिस्त मोडली नाही आणि पैसा मात्र तिच्या हातात आला. 2006 मध्ये कुंभारीला महिला विडी कामगारांसाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, तीही बायकांच्या कमाईच्या आणि त्यांच्या संघटनेच्या बळावर. अशा कमाईतूनच आपली मुलगी शिकली. तिच्या ज्या निर्णयाने आत्या हबकल्या आहेत, त्याचा खर्च आत्यांच्याच बोटांनी केला आहे. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका. खरे तर त्यांना याचा अभिमान वाटायला हवा.

धर्माने या बाबतीत घराला अडवलेच, असेही दिसत नाही. संक्रांतीच्या अक्षता सोहळ्याला आपण गेला असालच. कुंभाराच्या मुलीने सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्याशी लग्नाचा आग्रह धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह होऊ दिला, अशी ती कथा आहे. मिरवणुकीतल्या सात नंदीध्वजांचा, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांचा, मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे आणि अक्षता टाकायला सारे शहर लोटते. सिद्धरामेश्वरांच्याच काळात, बाराव्या शतकात, कर्नाटकातल्या कल्याणला (आजचे बसवकल्याण) बसवण्णांच्या शरणांनी, म्हणजे अनुयायांनी, ब्राह्मणाची मुलगी आणि चर्मकाराचा मुलगा यांचे लग्न लावले आणि त्याची जबर किंमत मोजली, असे परंपरा सांगते. पण ज्या घरांत ही कथा भक्तीने ऐकली जाते, तिथेही सोयरीक जमवताना पोटजात पाहिली जातेच. रस्त्यावरचा धर्म मोकळा आणि माजघरातला कडक, कारण माजघराला मजुरी, म्हातारपण आणि वाटणी यांचा विचार करावा लागतो. पगार पुण्याहून येऊ लागला की त्या विचाराचा आधारच सरकतो, आणि तेव्हा कुठे शरणांची ती जुनी कथा घराला ऐकू येते.

घर बदलले की धर्माचे कामही बदलते. नारळी पौर्णिमेला पद्मशालींचे आराध्य मार्कंडेय महामुनी यांचा रथ निघतो, तेव्हा नोकरीसाठी बाहेर गेलेली मुले आवर्जून गावी येतात. एकमेकांची ओळख ठेवण्याचे जे काम पूर्वी मागाभोवती आपोआप होत असे, ते आता उत्सवाला करावे लागते. बतुकम्मा या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचेही तसेच. आत्यांची भीती कदाचित हीच असेल, की नातसून किंवा नातजावई या सगळ्यांत असणार की नाही आणि आपल्याशी तेलुगूत कोण बोलणार. त्या भीतीला कायद्याचे कलम दाखवून उपयोग नाही. मुलाला घरी बोलवा आणि आत्यांच्या शेजारी बसवा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : लिंगायतांच्या स्वयंपाकघरात मटण चालत नाही, आपल्याकडे बहुधा चालत असेल. वरवर क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न पत्रिकेपेक्षा जास्त संसारांत कुरबुर करतो, तेव्हा तो साखरपुड्याच्या आधी बोलून घ्यावा.

प्रश्न : वडिलार्जित जमिनीत बहिणींनी वाटा मागितला आहे. आमच्या लिंगायत समाजात मुलीला लग्नात दिले की संपले, हाच धर्म आहे. कायदा आम्हाला लागू होतो का?
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : होतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात वीरशैव आणि लिंगायत यांचा नाव घेऊन समावेश आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही. वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप झालेले असेल तर गोष्ट वेगळी. धर्माचे म्हणाल, तर आपल्या परंपरेत अंगावर धारण करायचे इष्टलिंग मुलालाही आहे आणि मुलीलाही. वाटणीपुरता भेद कोणी आणला, हे आपणच पाहावे. माहेर तुटू नये म्हणून अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. आपल्या बहिणींनी स्वखुशीने तसे केले तर त्याची नोंदणी करून घ्यावी. सही मागताना मात्र धर्माचा धाक घालू नये, आणि वाटा घेतला म्हणून दिवाळीचे बोलावणेही थांबवू नये.