सगळं तोंडपाठ, वहीत मात्र तीन ओळी : पालकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मुलगा साडेआठ वर्षांचा, मराठी शाळेत तिसरीत. बोलायला लागला की मोठी माणसं ऐकत बसतात, चांद्रयान काय, कृष्णविवर काय, कुठला साप विषारी नि कुठला बिनविषारी सगळं तोंडपाठ, बाजारात माझ्याआधी हिशोब करून मोकळा. पण वही उघडली की संपलं. फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो, काना-मात्रा गायब, एका परिच्छेदाला अर्धा तास. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आजोबांबरोबर माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची चौकट) बांधायला बसला तेव्हा तोरिंग, आंबाडे, कांगलां अशा फळांचं एकेकाचं नाव नि ते रानात कुठं मिळतं तेसुद्धा सांगत होता, आणि शाळेत ‘आमची चवथ’ लिहायला दिलं तर तीन ओळी, ‘फळं होती. छान होती. मजा आली.’ टीचर म्हणतात हुशार आहे पण आळशी. दीर म्हणाले गिफ्टेड असेल, टेस्ट करून घ्या. केली. एकूण आयक्यू ११२ आलाय आणि खाली चार आकडे, भाषिक आकलन १३२, आकृत्यांवरून विचार १२८, कार्यरत स्मृती (ऐकलेलं-बघितलेलं डोक्यात धरून काम करणं) ९४, प्रक्रियेचा वेग ८२. शाळेचं म्हणणं ११२ म्हणजे नॉर्मलपेक्षा बरा, प्रॉब्लेम काही नाही, घरी लिहून घ्या. हल्ली सकाळी पोटात दुखतं म्हणतो, शाळेत जायलाच मागत नाही. हा नक्की गिफ्टेड की लर्निंग डिसॅबिलिटी?

उत्तर : दोन्ही असू शकतं, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तीच शंका जास्त येते. प्रत्यक्ष मुलाला तपासल्याशिवाय नाव देणार नाही, पण ‘प्रॉब्लेम काही नाही’ हे मात्र मला अजिबात पटत नाही.

आधी तो ११२ बाजूला ठेवा. या टेस्टमध्ये सरासरी १०० धरतात आणि बहुतेक मुलं ८५ ते ११५ च्या मधे येतात, १३० च्या वर शंभरात दोनेक मुलं. तुमच्या मुलाचं भाषिक आकलन १३२ म्हणजे तो तिथं अगदी वरच्या टोकाला आहे, आणि वेग ८२ म्हणजे शंभरातली ८५-८८ मुलं त्याच्या पुढे. पन्नास गुणांचा फरक आहे हो हा! तो एकत्र करून जो आकडा काढला तो कागदावर बरोबर असेल, पण त्यात ना त्याची हुशारी दिसते ना अडचण, दोन्ही एकमेकांखाली झाकून गेली. शाळेत पण हेच होतंय, हुशारीच्या जोरावर तो कसाबसा पास होतो म्हणून अडचण कुणाला दिसत नाही, आणि अक्षर बघून हुशारी कुणाला पटत नाही. अशा वेळी रिपोर्ट देणाऱ्यांना सरळ विचारा की जनरल अॅबिलिटी इंडेक्स काढलाय का, त्यात स्मृती आणि वेगाचे आकडे धरत नाहीत, नुसती विचार करायची ताकद बघतात.

वेगाच्या भागात काय करायला देतात तेही सांगते. एका खेळात आकड्यांखाली खुणा दिलेल्या असतात, त्या बघून दोन मिनिटांत जमेल तेवढ्या पेन्सिलीनं भरायच्या. ज्याचा हातच वळत नाही तो तिथं मागे पडणार, त्याचा डोक्याशी संबंध नाही. म्हणून ८२ वरून लगेच डिसॅबिलिटी म्हणता येत नाही, घाईघाईत उत्तर ठरवून चुकणारं मूल असेल, लक्ष उडत असेल, चूक होईल या भीतीनं हळू करणारा असेल, टेस्ट घेणाऱ्यानं वागणूक काय लिहिलीय ते वाचा. आणि टेस्ट कुठल्या भाषेत घेतली? आपल्याकडे मुलं घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि टीव्हीवर हिंदी-इंग्रजी अशी वाढतात, इंग्रजीत प्रश्न विचारले असतील तर तो १३२ सुद्धा कमीच आलेला असायची शक्यता आहे.

मला मात्र आकड्यांपेक्षा त्या तीन ओळी जास्त बोलल्या. ज्याला कांगलां कुठल्या रानात मिळतात ते माहीत आहे तो ‘फळं होती’ का लिहितो? कारण ‘फळं’ त्याला लिहिता येतं. जो शब्द चुकेल असं वाटतं तो शब्दच टाळायचा, ही हुशार मुलांची युक्ती असते आणि ती करताना त्याला दुप्पट मेहनत पडते. याला आळस म्हणणं म्हणजे त्या पोरावर अन्याय आहे, टीचरना मी दोष देत नाही, चाळीस मुलांच्या वर्गात हे दिसत नाही, पण तुम्ही तरी तो शब्द घरात वापरू नका.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे डोळे आणि कान तपासा, फळ्यावरचं अर्धं येतं म्हटल्यावर हे आधी. मग वाचन, लेखन, गणिताची वेगळी तपासणी करून घ्या, आयक्यू टेस्टमध्ये ती होत नाही, हे कितीतरी पालकांना ठाऊकच नसतं. आपल्याकडे त्यासाठी बहुतेक ठिकाणी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वापरतात. वाचन मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे बघायला सांगा. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, पर्वरीला सेतु हे मुलांच्या विकासाचं केंद्र आहे, जाताना पहिलीपासूनच्या वह्या घेऊन जा, नवीन स्वच्छ वही नको, खाडाखोड केलेल्याच हव्यात. वयही योग्य आहे. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी काढणं, मात्रा विसरणं चालतं, जोडाक्षरं तर चौथीपर्यंत पक्की होत राहतात, म्हणून हे निदान साधारण आठव्या वर्षानंतर किंवा तिसरीत करतात.

लर्निंग डिसॅबिलिटी निघाली तर तिच्या सर्टिफिकेटला घाबरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ गोष्टी आहेत त्यात ही लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता, आहे, आणि त्या कागदावर पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. ‘शिक्का बसेल’ असं घरचे म्हणतील. आळशी हा शिक्का त्याच्यावर आत्ताच बसलाय, आणि तो मुलानं खरा मानलाय म्हणून पोटात दुखतंय.

पण शाळेत बदल करायला सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नाही. टीचरना भेटून तीन गोष्टी मागा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी झेरॉक्स किंवा मोबाईलवर फोटो, परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी, आणि एका वेळी शुद्धलेखन किंवा मजकूर यातलं एकच तपासायचं. घरी पानंच्या पानं लिहून घेणं आजपासून बंद. त्याऐवजी रोज पंधरा-वीस मिनिटं रेमेडिअल टीचर (अशा मुलांना वेगळ्या पद्धतीनं शिकवणारे) सांगतील तसं, आवाज आणि अक्षर जोडत, एका वेळी एकच मात्रा. निबंध त्यानं बोलावा, तुम्ही लिहा, मग त्यातली एक ओळ त्यानं लिहावी.

आणि सापांची पुस्तकं ‘अभ्यास झाल्यावर’ म्हणून कपाटात ठेवू नका, प्लीज. बरेच पालक तेच करतात, अडचणीच्या मागे लागतात आणि ज्यात मूल खुलतं तेच काढून घेतात. दोन्ही एकाच वेळी चालू राहिलं पाहिजे.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची, पेडण्याला असतो. दुकानांचे बोर्ड मराठी-इंग्रजी दोन्ही घडाघडा वाचते. नातेवाईक म्हणतात आयक्यू काढा, एक यत्ता वर घाला. काय करू?

उत्तर : आत्ता नको. पाचव्या वर्षीचा आकडा पुढे बराच हलतो, आणि त्या आकड्यावर तुम्ही आज कुठला निर्णय घेणार आहात? मोबाईलवरच्या टेस्टा तर सोडूनच द्या. गिफ्टेड मुलांसाठी १९६२ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला सुद्धा मुलं घेते ती पाचवीपासून. तिला गोष्ट वाचायला देऊन मधेच थांबवा आणि विचारा, पुढे काय होईल, का तसं वाटतं. नुसतं वाचता येणं आणि वाचलेलं कळणं वेगळं असतं, कळत असेल तर भरपूर पुस्तकं द्या, मोठ्या मुलांत बसू द्या. यत्ता वर घालायची तर पेन्सिल धरणं, डबा खाणं, भांडण सोडवणं हे सगळं सहा वर्षांच्या मुलांएवढं जमायला लागतं, ते बघा आधी. वर्गात कंटाळून रडायला लागली किंवा मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला लागली तर मात्र लगेच लिहा मला.