मिठाच्या यंत्रणेचा जलतरण तलाव हिरवा झाला आहे, मीठ वाढवूनही फरक नाही, काय करावे?

हा हिरवेपणा शेवाळाचा आहे आणि ते मिठाने मरत नाही. यंत्राच्या सेलमध्ये, म्हणजे विजेच्या पट्ट्या असलेल्या भागात, मिठापासून तयार होणाऱ्या क्लोरीनने मरते, पण एवढे माजलेले शेवाळ निपटण्याइतके क्लोरीन सेल एकदम देऊ शकत नाही. म्हणून आधी पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) ॲसिडने ७.२ च्या आसपास आणावा आणि मग सेल बंद ठेवून, पंप मात्र अखंड चालवत, संध्याकाळी द्रवरूप क्लोरीन घालावे, कारण कडक उन्हात ते झपाट्याने नष्ट होते. ॲसिड व क्लोरीन कधीही एकत्र करू नये. विषारी वायू निघतो. भिंती, पायऱ्यांचे कोपरे आणि शिडीमागची बुळबुळीत जागा रोज ब्रशने घासावी, फिल्टरचा दाब वाढताच बॅकवॉश करावा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवावा. पाणी हिरव्याचे दुधी झाले म्हणजे शेवाळ मरत आहे. तेव्हा घाईने आणखी औषधे ओतू नयेत, दुकानदार काहीही सुचवो.

पुढे मीठ यंत्राच्या पुस्तिकेनुसार, बहुधा ३००० ते ३५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), ठेवावे. या यंत्रणेत पीएच सतत चढतो, त्यामुळे तो आठवड्यातून दोनदा तपासावा. बोअरवेलचे जड पाणी भरत असल्यास सेलच्या पट्ट्यांवर पांढरा क्षार साचतो. तोही अधूनमधून पाहावा.