बाँड लिहून घेतला, पण पोलिसांना कळवलं का?

एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका लिहितात: आठवीतल्या दोन आणि नववीतल्या एका मुलाने मोबाइलवरचं ॲप वापरून आठवीतल्याच एका मुलीचा चेहरा नग्न फोटोवर बसवला. फोटो मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. शाळेने तिन्ही पालकांना बोलावलं, पाचशेच्या बाँडवर माफीनामा लिहून घेतला आणि मोबाइलमधले फोटो सगळ्यांसमक्ष डिलीट करायला लावले. मुलीच्या वडिलांनीच हात जोडले की पोलिसांत जाऊ नका, पोरीची बदनामी होईल. याला सव्वा महिना झाला. मुलगी घरी बसली आहे, मुलं शाळेत येतात. संस्थाचालक आता म्हणतात, तिघांच्या हातात एलसी द्या आणि विषय मिटवा. तर एलसी देता येईल का?

बाई, एलसीचं शेवटी बघू. अशी पत्रं मला नेमाने येतात. गाव बदलतं, ॲप बदलतं, बाँड मात्र तोच असतो. मोबाइलचं व्यसन, पालकांचं दुर्लक्ष, वयातला बदल यावर मी काही लिहीत नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. तुमचं सगळं प्रकरण पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या, कलम १९ वर उभं आहे आणि त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही.

हे कलम सांगतं की बालकाविरुद्ध या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्या कुठल्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. मुलीच्या वडिलांची संमती हवी असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. शाळेच्या समितीने आधी चौकशी करावी असंही नाही. गुन्हा करणारा अठराच्या वरचा असावा असंही नाही. ‘फोटो खरा नव्हता, नुसता चेहरा जोडलेला होता’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. त्याचा उपयोग नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात जी व्याख्या आली, तिच्यात संगणकावर तयार केलेली किंवा फेरफार केलेली, पण बालकाचीच वाटावी अशी प्रतिमाही येते.

न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात संस्थाप्रमुखासाठी एक वर्षापर्यंतची वेगळी शिक्षा आहे, पण ती हाताखालच्या माणसाने गुन्हा केला तर. विद्यार्थी ‘हाताखालचा’ ठरतो का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते ठरत नाही, पण त्या भरवशावर झोपू नका. सहा महिन्यांचं कलम तुम्हाला लागू होण्यात मात्र वादाला फारशी जागा दिसत नाही.

आता तो बाँड. लैंगिक गुन्हा पालकांनी आपसात मिटवून संपत नाही, त्यामुळे कोर्टात तुमच्या बाजूने त्या कागदाची किंमत शून्य. तुमच्या विरुद्ध मात्र तो उत्तम पुरावा आहे. त्यावर काय घडलं ते मुलांच्या अक्षरात आहे, पालकांच्या सह्या आहेत, शाळेचा गोल शिक्का आहे, खाली ‘समक्ष’ म्हणून तुमची सही आहे आणि तारीख आहे. तुम्हाला कधी कळलं हे सिद्ध करायला सरकारी वकिलाला आणखी काही लागणार नाही. माफीनामा घ्यायला पाचशे रुपये खर्च करण्याऐवजी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज दिला असता, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

कोर्ट याकडे किती कडकपणे बघतं, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात दिसलं. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला. नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि माहिती असून न कळवणं हाच गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. बदलापूरनंतर, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, शाळांच्या बाबतीत पोलीसही हे कलम विसरत नाहीत.

तुमच्या पत्रातली सगळ्यात घाबरवणारी ओळ तुम्ही जाताजाता लिहिली आहे: ‘पुरावा म्हणून स्क्रीनशॉट माझ्या मोबाइलमध्ये ठेवले आहेत व संस्थेच्या ग्रुपवर टाकले होते. आपणास पाठवू का?’ नको. मला नको, कुणालाच नको. असं साहित्य बाळगणं आणि पुढे पाठवणं यासाठी पॉक्सोचं कलम १५ आहे, आयटी कायद्याचं ६७-ब आहे. कलम १५ मध्ये तक्रार करण्यासाठी किंवा कोर्टात पुरावा म्हणून ठेवण्यापुरती सवलत आहे, पण सव्वा महिना तक्रारच न करणाऱ्याला ती सवलत मागताना तोंड कुठे राहतं? आणि अकरा-बारा विश्वस्तांच्या ग्रुपवर मुलीचा फोटो टाकणं कुठल्या पुराव्याच्या व्याख्येत बसतं, ते मला कळलेलं नाही. मुलांच्या मोबाइलमधलं डिलीट झालंय, त्यामुळे तुमच्याकडे उरलं आहे ते आता डिलीट करू नका, उघडू नका, फॉरवर्ड करू नका. मोबाइल आहे तसा पोलिसांसमोर ठेवा आणि ग्रुपवर टाकल्याचं अर्जात स्वतःहून लिहा. या एका मुद्द्यासाठी, अर्ज देण्याआधी, तुमच्या तालुक्यातल्या फौजदारी वकिलाला जरूर गाठा.

‘पण पोलिसांत गेलं तर तेरा वर्षांच्या पोराचं आयुष्य बरबाद होईल,’ असं तुम्ही म्हणता. खरं तर याच भीतीने शाळा गप्प बसतात, आणि ही भीती बहुतेक चुकीच्या माहितीवर उभी आहे. पॉक्सोचं कलम ३४ सांगतं की गुन्हा करणारा स्वतः अठराच्या आतला असेल, तर त्याचं प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली जातं. तिथे लॉकअप नाही, बेड्या नाहीत, पोलिसांचा गणवेश नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे, किमान सात वर्षांची शिक्षा असलेला अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत कुणी सज्ञान सामील नसेल, तर मुलाविरुद्ध एफआयआरच नोंदवत नाहीत. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, बाल कल्याण पोलीस अधिकारी मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती घेऊन अहवाल बनवतो आणि तो बाल न्याय मंडळाकडे जातो. मुलाला उचलून नेत नाहीत, पालकांना त्याला घेऊन यायला सांगतात.

तुमच्या प्रकरणात नेमकं कुठलं कलम लागेल, हे फोटो बघितल्याशिवाय सांगता येत नाही आणि फोटो मी बघणार नाही. पॉक्सोचं कलम १४, म्हणजे बालकाचा अश्लील साहित्यासाठी वापर, लागलं तरी किमान शिक्षा पाच वर्षांची आहे, म्हणजे सातच्या खालीच. नववीतला मुलगा एकदा नापास झालेला आहे, पंधरा पूर्ण आहे, म्हणून तुम्ही त्याची जास्त काळजी करता. सज्ञान समजून खटला चालवायचा की नाही, हा प्रश्न फक्त सोळा पूर्ण झालेल्यांच्या आणि अतिगंभीर गुन्ह्यांच्याच बाबतीत येतो. त्याला तो लागू नाही. मात्र जनरल रजिस्टरमधल्या तिघांच्या जन्मतारखा काढून ठेवा, मंडळ वय आधी शाळेच्या दाखल्यावरूनच ठरवतं. आणि एक खात्री करा: त्या ग्रुपमध्ये कुणाचा कॉलेजातला भाऊ, अठरा पूर्ण झालेला, होता का? असेल तर वर लिहिलेलं बरंच बदलतं.

मंडळ बहुतेक काय करतं? समज देतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवा करायला लावतं, पालकांकडून हमी घेतं. विशेष गृहात ठेवण्याचा अधिकार त्याला आहे, जास्तीत जास्त तीन वर्षं, पण पहिल्यांदा चुकलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला तसं होईलसं वाटत नाही. प्रकरण संपल्यावर ते मुलाच्या आड येऊ नये, रेकॉर्ड ठरावीक काळानंतर नष्ट व्हावं, चारित्र्याच्या दाखल्यात पोलिसांनी त्याचा उल्लेख करू नये, हे कायद्यातच आहे. तुमचा बाँड मात्र शाळेच्या कपाटात राहतो, विश्वस्तांच्या ग्रुपवर राहतो आणि गावात तोंडोतोंडी फिरतो.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवत नाही. मंडळाने चार महिन्यांत चौकशी संपवावी, फार तर दोन महिने वाढवावेत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काही ठिकाणी सदस्यांच्या जागा रिकाम्या असतात, अहवाल पोचलेला नसतो आणि पोराची दहावीची परीक्षा तोंडावर येते तरी तारखा चालूच असतात. म्हणूनच वाया घालवलेल्या सव्वा महिन्याचा मला राग येतो.

मुलीच्या वडिलांशी पुन्हा बोला, पण परवानगी मागायला नको, माहिती द्यायला. मुलीचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेते, तीही साध्या कपड्यात, आणि आईवडील सोबत असू शकतात. अशा प्रकरणात वैद्यकीय तपासणीचं कारण सहसा येत नाही. तिचं नावच काय, शाळेचं नावसुद्धा माध्यमांत येता कामा नये, असं कलम २३ आहे. पालकांच्या ग्रुपवर तुम्ही ‘त्या घटनेबाबत’ जो खुलासा टाकलाय, तो आधी काढा. आणि ती घरी का बसली आहे? तुकडी बदलायची तर मुलांची बदला. तिची हजेरी, तिची चाचणी, तिचा अभ्यास बुडणार नाही याची जबाबदारी तुमची आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची शाळेची सखी सावित्री समिती कागदावर असेलच, तिला एवढं एक काम तरी द्या.

एलसीचं उत्तर: आठवीतल्या दोघांना काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवी संपेपर्यंत, कुठल्याही मुलाला शाळेतून काढायला मनाई करतं. पालकांकडून ‘स्वेच्छेने’ अर्ज लिहून घेण्याची युक्ती जुनी आहे आणि बाँडशेजारी ठेवली की ती कुणालाही दिसते. तुमची संस्था अल्पसंख्याक असेल तर हा कायदा लागू होण्याबाबत वेगळं उत्तर येईल, ते कळवा. नववीतल्या मुलाला हे संरक्षण नाही. तिथे माध्यमिक शाळा संहिता बघावी लागेल, आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काढलंत तर निर्णय टिकणार नाही. तिघांपैकी कुणाच्याही एलसीवर, वर्तणुकीच्या रकान्यात किंवा शेऱ्यात, या प्रकरणाचा सूचक शब्दही लिहू नका. पुढच्या शाळेचा लिपिक तो पहिल्यांदा वाचतो.

उद्या ठाण्यात जाताना शाळेच्या लेटरहेडवर एक पान पुरे: काय कळलं, कधी कळलं, काय केलं, कळवायला उशीर का झाला. उशिराची कारणं रंगवू नका. बाँडची प्रत जोडा. कायद्याप्रमाणे तुमच्या माहितीला नोंद क्रमांक मिळायला हवा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला हवं, तो क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. ‘शाळेतच मिटवा बाई’ असं ठाण्यातल्या कुणी सुचवलं, तर नोंद न घेणाऱ्यालाही तेच कलम २१ लागतं, हे नम्रपणे सांगा. शिक्षणाधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. उशिरा कळवल्याने तुमच्यावरचं कलम २१ आपोआप टळतं असं मी लिहून देऊ शकत नाही. पण स्वतःहून उशिरा आलेला माणूस आणि पकडला गेलेला माणूस यांच्यात कोर्ट फरक करतं, हे अनुभवाने सांगतो.

संस्थाचालकांनी अडवलं तर? कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं, त्यासाठी संस्थेचा ठराव लागत नाही. आणि त्यांनी सुचवलेलं समितीचं मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहू नका. आज तुमच्यावर फार तर न कळवल्याचा ठपका आहे, त्या कागदावर सही केलीत की खोटा दस्तऐवज केल्याचा गुन्हा वेगळा. बैठक घ्यायचीच असेल तर आज घ्या आणि आजचीच तारीख टाका.