तीनदा विचारण्याबद्दल

सोन्या,

शनिवारी तुझ्या मित्राला घरी सोडून परत येताना गाडीत तू म्हणालास, "आई, तो दोनदा नाही म्हणाला होता. तू तिसऱ्यांदा का विचारलंस? नाही म्हणजे नाही, हे तूच शिकवलंस ना मला?" मी गप्प बसले. सिग्नल सुटला हे निमित्त झालं, खरं म्हणजे मला लागलं. त्या बिचाऱ्यानं अर्धं थालीपीठ खाल्लं आणि दोन ग्लास पाणी प्यायला, ते मीही पाहिलंच होतं.

तोंडी सांगायला गेले की माझं भाषण होतं आणि तू डोळे फिरवतोस. म्हणून लिहितेय. अडेल तिथे विचार.

दर्यापूरकडच्या आपल्या घराची ओसरी तुला आठवते? मामाच्या ट्रॅक्टरचं सामान पडलंय ती. मी लहान असताना तिथे रोज संध्याकाळी पंधरा-वीस पोट्टे बसायचे. आजी शिक्षिका नव्हती. सातवी शिकलेली. शेतातून यायची, पाय धुवायची आणि पाढे घ्यायला बसायची. लाइट गेली की कंदील. पैसे? कोण देणार आणि कशाला?

तिचं माहेर वलगावजवळ. गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात तिथेच, पेढी नदीच्या काठी गेले. आजी तेव्हा आठ वर्षांची. बाबा कीर्तनात सांगायचे, ताटं मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. तिच्या वडिलांनी हे ऐकलं होतं, म्हणून तिला शाळेत घातलं. पण आठवीसाठी गाव सोडावं लागलं असतं, आणि तिथे कीर्तन कमी पडलं. आमच्याकडे मात्र ताटं मोडणं दूरच, दर दिवाळीला आजी बाजारातून आणखी दोन आणायची.

कारण पोरं यायची ती उपाशी. सगळी नाही, सगळे दिवस नाही. पण आषाढ-श्रावणात घरातलं होतं नव्हतं ते पेरणीत गेलेलं असायचं आणि मूग अजून शेंगेत. शाळेत महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागले ते १९९५ नंतर, शिजलेली खिचडी त्याहूनही पुढे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं.

आणि उपाशी पोरगं कधी हो म्हणत नाही, बाळा. आजी विचारायची, "जेवला काय रे?" "हो काकू, जेवलो." "थोडं घे मंग." "नाही काकू, पोट भरलं." तिसऱ्यांदा ती जेवण्याचं विचारायचीच नाही. पाटीवर आकडे लिहीत, मान वर न करता म्हणायची, "काय खाल्लं आज?" तिथे गाडी अडायची. कुणी म्हणायचं चून-भाकर, आणि ते खोटं असेल तर कान लाल व्हायचे. मग आजी मला हाक मारायची, ताट आण. कण्या आणि आंबाडीची भाजी, रोज तेच. मला वीट आला होता त्याचा.

आता तू म्हणशील, माझा मित्र उपाशी नव्हता. नव्हता. मान्य.

आजीची ही खोड ओसरीपुरती नव्हती. दिवाळीनंतर कापूस वेचायला लागला की पोरी शाळेतून गायब. ओटी बांधून सकाळपासून पराटीत, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली. आजी त्यांच्या घरी जायची. बाप म्हणायचा, "वेचाले कोन जाईन मंग?" ती गप्प परत यायची, दोन दिवसांनी पुन्हा जायची, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला एक पोरगी परत आली. ती पुढे दहावी झाली. पण दुसऱ्या एका घरी तिसऱ्या खेपेला बाप असा भडकला की त्यानं धाकट्या मुलालाही ओसरीवर पाठवणं बंद केलं. तो मुलगा हुशार होता. "तिसऱ्यांदा जायले नोको होतं," असं आजी कितीतरी दिवस पोळ्या लाटताना स्वतःशीच म्हणायची. म्हणजे तुझा प्रश्न तिलाही पडला होता.

एक गोष्ट मी तुझ्या बाबांनाही सांगितलेली नाही. चौथीत मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसले होते. ओसरीवरचा एक मुलगाही बसला होता. आजी रोज त्याची गणितं तपासायची. माझी वही पुढे केली की म्हणायची, "तुले येते, तू कर." शिष्यवृत्ती त्याला मिळाली, मला नाही. आजीनं त्या दिवशी गूळ वाटला. रात्री तिनं हाक मारली, "जेवतेस ना?" मी म्हटलं, जेवले. "थोडं घे." नको म्हटलं. मी वाट पाहत पडले होते. तिनं तिसऱ्यांदा विचारलंच नाही. माझं नाही तिनं नाहीच धरलं, तू म्हणतोस तसं अगदी. मी रात्रभर उपाशी, आणि पलीकडे तिचं घोरणं.

दमली असेल ती. किंवा तिला कळलंच नसेल. तिला हे विचारायचं राहून गेलं.

तेव्हा तुझ्या मित्राला ताट पुढे करताना मी आजी झाले होते की ती पडून वाट पाहणारी पोरगी, मलाच नीट सांगता येणार नाही. तू म्हणतोस ते बरोबर असेल. इथल्या मुलांना नको असतं तेव्हा ती सरळ नको म्हणतात. हे चांगलंच आहे, तूही तसंच म्हणत जा, मलासुद्धा. पुढच्या वेळी मी एकदाच विचारीन. फार तर डबा टेबलावर उघडा ठेवीन, तेवढं चालवून घे.

पण त्या दिवशी त्यानं दुपारी काय खाल्लं होतं रे? तू विचारलंस का?

— आई