गुणपत्रिकेपलीकडचा अर्ज

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए ८.९ आहे, कार्यशाळांची बरीच प्रमाणपत्रे आहेत. मात्र एकही शोधनिबंध प्रसिद्ध झालेला नाही. येत्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील पीएच.डी.साठी अर्ज करावा का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : अर्ज जरूर करावा. शोधनिबंध नाही म्हणून अर्ज बाद होत नाही. मात्र प्रमाणपत्रांवर भिस्त ठेवू नका, कारण निवड समितीला एकच गोष्ट पारखायची असते : प्रयोग फसल्यावर हा विद्यार्थी स्वतः विचार करतो का?

ते दिसते उद्देशपत्रात, म्हणजे पीएच.डी. का करायची आहे हे सांगणाऱ्या, अर्जासोबतच्या तुमच्या पत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज). ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारी पत्रे समिती शेकड्यांनी वाचते. त्याऐवजी तुमच्या प्रकल्पातला एक प्रसंग सविस्तर लिहा. समजा, ई. कोलाय जिवाणूत तयार केलेले प्रथिन ३७ अंश सेल्सिअसला अविद्राव्य होऊन गाळात जात होते; मग तापमान १८ अंशांवर आणावे असे तुम्हाला का वाटले, त्याने काय साधले आणि कोणता प्रश्न तरीही अनुत्तरित राहिला, हे दोन परिच्छेदांत प्रांजळपणे मांडलेत तर त्याचे वजन दहा प्रमाणपत्रांहून अधिक असते. अमेरिकेत बहुतेक जीवशास्त्र विभागांत पहिल्या वर्षी आळीपाळीने दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मगच मार्गदर्शक ठरतो, म्हणून एकाच प्राध्यापकाचे नाव न देता तुमच्या प्रश्नाशी जवळीक असलेल्या तिघांच्या कामाचा नेमका उल्लेख करावा.

आता शिफारसपत्रांविषयी, कारण आपल्याकडचे कितीतरी चांगले अर्ज इथेच कमजोर होतात. ‘मसुदा तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगणारे प्राध्यापक तुम्हालाही भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्या. ते अप्रामाणिक तर आहेच, शिवाय तीन पत्रांची भाषा एकसारखी निघाली की समितीच्या ते ध्यानात येते. विभागप्रमुखांच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा ज्यांनी तुम्हाला सहा महिने प्रयोगशाळेत राबताना पाहिले, त्या तरुण मार्गदर्शकाचे तपशीलवार पत्र कितीतरी मोलाचे ठरते.

जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे. तरी प्रत्येक विभागाचा नियम तपासून घ्या.

एक अडचण मात्र स्पष्ट सांगायला हवी. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे प्रशिक्षण अनुदान अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळते, त्यामुळे अनेक विभागांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा थोड्या असतात आणि उत्तम अर्जही नाकारला जातो. म्हणून सहा ते आठ विभाग निवडा आणि अर्जशुल्क माफ होते का, हे आधीच विचारा. तुमचा प्रयोगशाळेतला अनुभव केवळ एका सत्राचा असेल, तर घाई न करता पुण्यातील एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) यांसारख्या संस्थेत वर्षभर प्रकल्प साहाय्यक म्हणून काम मिळवा आणि पुढच्या डिसेंबरमध्ये अर्ज करा.