रिकाम्या दिसणाऱ्या खाजगी मूरिंगला आपली बोट बांधावी का?

तुम्ही विचारलंय की किनाऱ्याजवळचे खाजगी बोये (बोट बांधायचे तरंगते गोळे) आठवडेच्या आठवडे रिकामे असतात, मग त्यातल्या एखाद्याला एक-दोन रात्री बोट बांधली तर बिघडलं कुठे? आणि पुढेमागे स्वतःचं मूरिंग, म्हणजे बोया आणि त्याला तळाशी धरून ठेवणारं कायमचं वजन-साखळी, टाकायचं झालं तर काय बघावं?

बरीच वर्षं माझी बोट माझ्याच मूरिंगवर असते, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. मालकाला विचारल्याशिवाय बांधू नका. वस्तू दुसऱ्याची आहे हे तर झालंच, पण त्या बोयाखाली काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि माझ्या मते खरा धोका तो आहे.

पाण्यावर दिसतो तो नुसता तरंगणारा गोळा. बोट धरून ठेवतात ते तळावरचं वजन, साखळी, शॅकल (साखळीचे भाग जोडणारी, पिन लावून बंद होणारी कडी) आणि स्विव्हल (साखळीला पीळ पडू नये म्हणून फिरणारा जोड). वजन म्हणून बहुतेक वेळा काँक्रीटचा ठोकळा असतो. जमिनीवर 1000 किलो भरणारा हा ठोकळा समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसहाशे किलोचा उरतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा त्याचा जोर चौपट होतो. मालकाने आपल्या 5 मीटरच्या होडीच्या हिशेबाने टाकलेल्या ठोकळ्याला तुम्ही 9 मीटरची बोट बांधलीत, तर शांत रात्री काहीच होणार नाही. रात्री वारा उठला की ठोकळा तळावरून सरकू लागेल, आणि बोट खडकाला लागेपर्यंत तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

साखळीचंही तसंच. एका वर्षी नेहमीच्या तपासणीसाठी माझी साखळी वर काढली. वरचा भाग चांगला होता, चिखलात रुतलेला भागही चांगला होता. मधला पट्टा मात्र, जिथे साखळी तळावरून उचलली जाते आणि प्रत्येक लाटेबरोबर पुन्हा आपटते, शिंपल्यांनी भरला होता. शिंपले खरवडले, दोन कड्या एकमेकींपासून बाजूला केल्या आणि आतली घासलेली जागा मोजली. 13 मिलिमीटरची कडी तिथे 7 मिलिमीटर उरली होती. बाहेरून हात फिरवला असता तर धडधाकट वाटली असती. तेव्हापासून मी वर्षातून एकदा सगळं वर काढतो, किंवा पाणबुड्याला खाली पाठवून कड्या मोजून घेतो. नुसतं ‘बघून ये’ म्हणून भागत नाही, मोजायलाच हवं.

आता स्वतःच्या मूरिंगचं. सर्वात आधी परवानगी. बोया तुमचा असला तरी तळ तुमचा नसतो. इंग्लंडच्या किनाऱ्यालगत 12 सागरी मैलांपर्यंतचा जवळपास सगळा समुद्रतळ क्राउन इस्टेटकडे, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे आहे. इतर देशांत नावं वेगळी असतील, पण बंदर खात्याला किंवा स्थानिक प्राधिकरणाला विचारल्याशिवाय ठोकळा पाण्यात सोडू नये. बिनपरवाना मूरिंगला कोणाची बोट आपटली तर विम्याचे पैसे मिळणंही कठीण.

मग जागा. साखळीची लांबी उधाणाच्या भरतीला पुरेल अशी धरावी लागते. पण बोट सर्वात मोठ्या वर्तुळात फिरते ती ओहोटीला, कारण साखळी तेवढीच आणि खोली कमी. शेजाऱ्याशी अंतर या ओहोटीच्या वर्तुळावरून मोजा. सगळ्या बोटी एकाच दिशेला तोंड करून राहतील असंही समजू नका. प्रवाह मंद झाला की हलकी मोटरबोट वाऱ्याबरोबर वळते आणि खोल कणा असलेली शिडाची बोट उरल्यासुरल्या पाण्याबरोबर. दोघी एकमेकींवर येतात त्या याच वेळी.

समुद्री गवताबद्दल मी जरा हट्टाने बोलतो, कारण सुरुवातीला मलाही हे कोणी सांगितलं नव्हतं. सैल साखळी तळावर गोल फिरत राहते आणि गवत मुळासकट खरवडते. ओहोटीला पाणी नितळ असताना वरून बघितलं तर हिरव्या कुरणात उघड्या वाळूची गोल चकती दिसते, अगदी मधोमध ठोकळा. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात, आणि पोसिडोनियासारखं गवत वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतं. तुम्ही काही महिन्यांत खरवडलेलं भरून यायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून जमलं तर वाळू किंवा चिखलाची जागा निवडा. गवताशिवाय पर्याय नसेल तर तळात फिरवून बसवायचा स्क्रू नांगर आणि ताणला जाणारा लवचिक दोर वापरा, म्हणजे तळावर लोळणारी साखळीच राहत नाही. खर्च जास्त येतो, पण मला तो योग्य वाटतो.

बारीक गोष्टी दोन-तीनच. शॅकलची पिन तारेने पक्की बांधा, नाहीतर ती हळूहळू फिरून निघते. जस्त चढवलेल्या साखळीत स्टेनलेस स्टीलचं शॅकल घालू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की जस्त आणि त्याखालचं लोखंड भराभर खाल्लं जातं. बोयावर नाव किंवा नोंदणी क्रमांक आणि किती लांबीची, किती वजनाची बोट चालेल ते ठळक लिहा. तुमचा बोया रिकामा बघून तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे. आणि मूरिंग सोडून देणार असाल तर ठोकळा-साखळीसकट वर काढा. बोया तुटून गेल्यावर तळाशी राहिलेल्या साखळीत दुसऱ्याचा नांगर आणि मच्छीमाराचं जाळं अडकतं.

एक अपवाद मी मानतो. इंजिन बंद पडलंय, वारा चढतोय आणि नांगर धरत नाहीये, अशा वेळी समोर दिसेल तो बोया पकडा, जीव आधी. पण बोट सोडून किनाऱ्यावर जाऊ नका. बोयावर नंबर असेल तर लगेच फोन करा, नसेल तर रेडिओवर बंदराला कळवा. किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण आणि दिवा एका रेषेत धरून दर थोड्या वेळाने बघत राहा. ती रेषा एकाच बाजूला सरकत गेली आणि परत आली नाही, तर ठोकळा घसरतोय. मालक मध्यरात्री आला तरी हुज्जत न घालता जागा मोकळी करा, किंवा त्याला विचारून त्याच्या बोटीला बाजूने बांधा. आणि परिस्थिती निवळली की दोर होता तसा ठेवून, काही घासलेलं दिसलं असेल तर ते त्याला सांगून निघा.